नकाशा बघताना आधी पायऱ्या मोजा



मागच्या पंधरवड्यात व्याख्यान सुटल्यावर स्थानकाच्या बाहेर आम्ही चौघी-पाच जणी बोलत उभ्या होतो. त्यातल्या एका बहिणीने मोबाईल काढून नव्या घराचा नकाशा दाखवला. जळगावात मेहरूणच्या पलीकडे मुरमाड उतारावर प्लॉट घेतलाय. चाळीस बाय साठ. रस्त्याकडची बाजू उंच आणि मागची बाजू तिच्यापेक्षा पाच फूट खाली. नकाशा असा होता: सगळ्या प्लॉटवर भर टाकून तो रस्त्याच्या पातळीला आणायचा, खाली गाड्या लावायला जागा, गाड्यांच्या बाजूला सासूबाईंची खोली, कारण त्यांचे गुडघे दुखतात, आणि स्वयंपाकघर, हॉल, बाकीच्या खोल्या सगळ्या वरच्या मजल्यावर.

तिचा मला एकच प्रश्न होता, "ताई, उतार उत्तरेला आहे. वास्तूला चांगला ना?"

मी म्हटलं, "उतार चांगलाच आहे. पण सासूबाई जेवायला वर कशा येतील?"

ती अगदी सहज म्हणाली, "त्यांचं ताट खाली नेऊन देऊ ना."

त्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही. ती बहीण वाईट नाही. सासूची मनापासून सेवा करणारी आहे, तिच्या हातचं ताट वेळेवर आणि गरमच जाईल. पण घर अजून कागदावर आहे, एक वीटसुद्धा रचलेली नाही, आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचं ताट मात्र आत्ताच पंगतीतून उठलंय. म्हणून आज हा विषय.

माझं मत आधीच सांगून टाकते. उताराच्या प्लॉटवर घर बांधताना खोल्या कुठे, हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न आहे पातळ्यांचा: घरातला सपाट, बिनपायरीचा भाग कोणाच्या वाट्याला येणार आणि पायऱ्या कोणाच्या? स्वयंपाकघर, जेवायची जागा, म्हाताऱ्या माणसांची खोली, त्यांची न्हाणी-संडास, सामायिकाची जागा आणि घराचं मुख्य दार हे सगळं एकाच पातळीवर हवं. उताराने जो काही चढ-उतार दिला असेल, तो तरण्या पायांच्या वाट्याला द्यावा. आणि हे करायला उतार भरून काढायची गरज नसते. उलट उतार राहू दिला तरच हे सोपं होतं.

हे मी पुस्तकातून नाही, माहेरच्या घरातून शिकले. माझं माहेर धुळ्याचं, पांझरेच्या अंगाला उतरत गेलेल्या गल्लीतलं. घर पुढून गल्लीच्या पातळीला आणि मागे जमीन उतरलेली, म्हणून स्वयंपाकघर सात पायऱ्या खाली. लहानपणी आम्हाला त्या पायऱ्या म्हणजे खेळ वाटायचा. आईला त्या कधी काही वाटल्या का, हे आम्ही विचारलंच नाही. वडील शेवटच्या आजारात पुढच्या खोलीत होते. पाणी, औषध, मुगाचं पाणी, पुन्हा पाणी, आलेल्या-गेलेल्याचा चहा. दिवसातून तीस खेपा सहज होत. तीस खेपा म्हणजे दोनशे दहा पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. वडील गेले, आणि दोन वर्षांत आईचे गुडघेही गेले.

मग ती खालीच राहायला लागली. खाली झोप, खालीच जेवण, खालीच माळ. महासतीजी गोचरीला आल्या की वहिनी पुढच्या दारात जायची आणि आई खालून हात जोडून "पधारो, पधारो" म्हणायची. शेवटची दोन वर्षं माझ्या आईला स्वतःच्या हाताने गोचरी बहरावता आली नाही. जिने आयुष्यभर चौविहार सांभाळला, जिच्या दारातून कोणी साधू-साध्वी परत गेले नाहीत, तिला सात पायऱ्यांनी अडवलं. घर बांधताना कोणी वाईट चिंतलं नव्हतं. फक्त कोणी मोजलं नव्हतं.

आता आपल्या धर्माकडे बघू. साधूंच्या आहाराच्या नियमांत उद्गमाचे सोळा दोष सांगितले आहेत. त्यांतला एक आहे मालापहृत. उंचावर, माळ्यावर ठेवलेलं अन्न शिडी किंवा चौरंग लावून, चढून काढलं आणि ते दिलं, तर साधूने घ्यायचं नाही. दशवैकालिक सूत्रात आहार-गवेषणेच्या अध्ययनात याचं कारणही आहे. देणारी बाई चढताना-उतरताना पडेल, तिचे हातपाय मोडतील आणि तिच्या पडण्याने खालच्या जीवांची विराधना होईल. तिथे उल्लेख देणाऱ्या बाईचाच आहे. शिडीवर चढणार ती बाई, हे त्या सूत्राला ठाऊक होतं आणि तिच्या पडण्याची काळजीही त्याने केली. पक्का जिना आणि शिडी एक नव्हेत, हे मला कळतं, आणि दोषाचे बारकावे महाराजसाहेबांनाच विचारावेत. पण त्या नियमामागचा जीव बघा. साधूच्या एका वेळच्या आहारासाठीही बाईने धोका पत्करू नये असं जे सूत्र म्हणतं, ते मानणाऱ्या घरात बाईला दिवसाला चारशे पायऱ्या असाव्यात, हे कसं जुळतं?

त्याच अध्ययनात आणखी एक गोष्ट आहे. वाकून जावं लागेल असं बुटकं दार आणि आतली अंधारी कोठी साधूने टाळावी, कारण तिथे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. उताराच्या घरात नेमकी हीच चूक होते. खालच्या अंगाला जमिनीत अर्धी गेलेली एक खोली तयार होते आणि "ही कशाला वाया घालवायची" म्हणून तिथे धान्याची कोठी, नाहीतर स्वयंपाकघरच येतं. एक भिंत मातीला टेकलेली, त्यामुळे ओल. ओलीने गव्हाला कीड, डाळीला जाळी. मग निवडताना आपणच जीव मोजत बसतो. धान्य वर, उजेडात आणि वाऱ्यात ठेवा. मातीत गेलेल्या भागात फारतर पाण्याची टाकी, जुने ट्रंक, मुलांच्या सायकली.

आता "भर टाकून सपाट करून घ्या" या सल्ल्याचा हिशेब मांडू. ठेकेदार हे चुटकीसरशी सांगतो, आणि घरातले पुरुषही लगेच मान डोलावतात, कारण सपाट प्लॉट डोळ्याला बरा दिसतो. चाळीस बाय साठचा प्लॉट, म्हणजे चोवीसशे चौरस फूट. एका टोकाला भर शून्य, दुसऱ्या टोकाला पाच फूट, सरासरी अडीच फूट. म्हणजे सहा हजार घनफूट, म्हणजे साठ ब्रास. दोन ब्रासचा एक ट्रक धरला तरी तीस ट्रक माती-मुरूम. ती कुठल्या तरी टेकडीतून खणून येणार. तो पृथ्वीकायाचा आरंभ कोणाच्या खात्यात? आपणच पर्युषणात त्याची आलोचना करणार आणि आपणच तीस ट्रक मागवणार.

त्याऐवजी प्लॉटचे दोन टप्पे करा. वरचा तीस फुटांचा, खालचा तीस फुटांचा, दोन्हींत अडीच फुटांचा फरक. प्रत्येक टप्प्यात वरच्या अंगाची माती काढून खालच्या अंगाला घातली, तर हलवायची माती साडेसात ब्रासच्या आसपास. बाहेरून काही आणायला नको. जोत्याची भर दोन्हीकडे लागतेच, ती वेगळी. हिशेब कागदावरचा आहे, जागेवर थोडा कमी-जास्त होईल. पण साठ आणि साडेसात यांतला फरक कुठल्याही ठेकेदाराने पुसता येण्यासारखा नाही.

भरीचा दुसरा धोका आपल्या मातीचा आहे. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. नवी भर वर्षानुवर्षं बसत राहते. घराचा अर्धा पाया घट्ट मुरमावर आणि अर्धा भरीवर पडला, तर एक बाजू जागेवर राहते आणि दुसरी खचते. मग भिंतीला तिरपी चीर जाते, दारं अडकायला लागतात. म्हणून भर थोडी असो की जास्त, सगळे कॉलम भर ओलांडून खाली मूळच्या घट्ट थरापर्यंत गेलेच पाहिजेत. हे इंजिनिअरला तोंडावर विचारा. लाजू नका. "भाऊ, मागच्या कॉलमची फुटिंग भरीत आहे की मुरमात?" एवढं एक वाक्य पुरतं.

तिसरा धोका शेजाऱ्याचा. उतारावरून पाणी शतकानुशतकं ज्या वाटेने जातंय, तिथे आपण पाच फुटांची भिंत घातली की पाणी काही आटत नाही, ते बाजूच्याच्या ओट्यावर जातं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात काय झालं ते आपण कोणी विसरलेलो नाही. एका रात्रीच्या पावसाने तितूर आणि डोंगरी नद्या गावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. ते पाणी डोंगराचं होतं आणि आपला प्लॉट लहान आहे, हे खरं. पण पाण्याचा आणि मातीचा स्वभाव दोन्हीकडे तोच. अडवलेलं पाणी भिंतीमागे साचतं, माती जड होते आणि भिंत ढकलते. म्हणून रिटेनिंग वॉल लागलीच तर तिला पाणी निघायला भोकं हवीत आणि मागे दगड-खडीचा थर हवा. नाहीतर तिच्या पायथ्याशी बारा महिने ओल आणि शेवाळ. शेवाळ म्हणजे अनंतकाय. त्यावर पाय पडू नये म्हणून आपण पावसाळ्यात रस्त्यावरून जपून चालतो, आणि घरातच त्याची शेती करतो.

आता वास्तूचं. मी वास्तूची थट्टा करणार नाही, कारण आपल्याच एका श्रावकाने त्यावर ग्रंथ लिहिलाय. ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन, दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात काम करणारे. त्यांचा 'वास्तुसार' हा प्राकृत ग्रंथ विक्रम संवत १३७२ चा, म्हणजे सन १३१५ च्या सुमाराचा. पूर्व, ईशान्य किंवा उत्तरेकडे उतरणारी जमीन त्यात चांगली म्हटली आहे. पण त्याच्याही आधी जमिनीची परीक्षा सांगितली आहे: खड्डा खणायचा आणि तीच माती परत भरून पाहायची, उरते की कमी पडते. म्हणजे त्या श्रावकानेही आधी मातीत हात घातला होता. आपण माती बघत नाही, फक्त मोबाईलमधलं होकायंत्र बघतो.

आणि उताराची दिशा आपल्या हातात कितीशी असते? तापीच्या दक्षिणेला, म्हणजे जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे इकडे, अजिंठ्याचे-सातमाळ्याचे डोंगर दक्षिणेला आणि तापी उत्तरेला. त्यामुळे जमीन साधारण उत्तरेकडे उतरते. तापीच्या पलीकडे चोपडा, यावल, रावेर, शिरपूर इथे सातपुडा उत्तरेला, म्हणून जमीन दक्षिणेकडे उतरते. तिकडच्या लोकांनी काय घरं बांधली नाहीत? रावेर-यावलच्या केळीवर उभी राहिलेली घरं दक्षिण उताराचीच आहेत, आणि त्यांत माणसं सुखाने नांदताहेत. दिशा जुळली तर आनंद माना. नाही जुळली तर लाखो रुपयांची भर टाकून निसर्गाचा उतार उलटा करायला जाऊ नका. तेवढ्या पैशात एखाद्या मुलीचं शिक्षण होईल, जीवदयेचं खातं भरेल.

उताराशी भांडायचं नाही, त्याच्यासोबत चालायचं, हे आपल्या खानदेशाला नवीन नाही. पांझरेच्या खोऱ्यात साक्रीकडे फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाट जमिनीच्या उताराने फिरवलेला, शेतं फडांत वाटलेली, आणि उरलेलं पाणी पुन्हा ओढ्या-नदीला. ना मोटार, ना वीज, फक्त उतार. आणि शिरसोली रस्त्यावरची जैन हिल्सची टेकडी तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पूर्वीची ती उघडी टेकडी कोणी कापून सपाट केली नाही. उतारावर बांध घातले, पाणी अडवलं, झाडं लावली. २०१२ मध्ये तिथे गांधीतीर्थ उभं राहिलं. पाहुण्यांना आपण हौसेने ते दाखवायला नेतो. मग स्वतःच्या चाळीस बाय साठवर आपल्याला उतार नकोसा का होतो?

आता माझ्या मनातला नकाशा सांगते. प्लॉट तोच धरू, रस्ता उंच बाजूला, मागे पाच फूट उतार.

रस्त्याकडचा टप्पा हा घराचा मुख्य भाग. इथे दार, बैठक, स्वयंपाकघर, जेवायची जागा, सासू-सासऱ्यांची खोली, तिला लागून न्हाणी-संडास आणि सामायिकाची शांत जागा. ज्यांच्याकडे घर देरासर आहे त्यांचं देरासरही इथेच, जिन्याखाली किंवा संडासाला लागून नव्हे. या भागात एकही पायरी नको, न्हाणीच्या दाराशी उंबरठाही नको, नुसता उतार द्या. रस्त्यावर डांबराचे थर चढतच जातात, म्हणून जोतं रस्त्यापेक्षा दीड फूट तरी वर हवं. मग दारात तीन पायऱ्या येतात. त्या असू द्या, पण शेजारी रॅम्प हवाच. रॅम्पचा नियम साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. कंपाऊंडच्या भिंतीला लागून तो सहज बसतो. याहून उभा केला तर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचा हात सुटतो. तो ढकलणारा हात बहुधा आपलाच असतो.

फाटकापासून दारापर्यंतची ही वाट फरशीची आणि कोरडी ठेवा. हल्ली शोभेसाठी दारातच लॉन लावतात. मग हिरवळीवर पाय द्यावा लागेल म्हणून महासतीजी फाटकातूनच परत फिरतात. लॉन हवंच असेल तर बाजूला असू द्या.

मागचा टप्पा पाच पायऱ्या खाली. इथे मुलं-सुनांच्या खोल्या, अभ्यासाची जागा. खालचा हा भाग उत्तरेला उघडा आणि एका बाजूने मातीला टेकलेला, त्यामुळे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की घरातली सगळ्यांत थंड जागा हीच. मातीला टेकलेल्या भिंतीला बाहेरून ओलरोधक थर घ्यायला विसरू नका. पायऱ्या सहा इंच उंच, पाऊल ठेवायला अकरा-बारा इंच रुंद, दोन्ही बाजूंनी धरायला कठडा आणि वर दिवा. आणि एक सांगते, घरात मध्येच एकुलती एक पायरी कधीही ठेवू नका. पाच पायऱ्या डोळ्यांना दिसतात, एक दिसत नाही. म्हातारी माणसं एकाच पायरीवर पडतात.

या दोन टप्प्यांचा एक फायदा नकाशावर दिसत नाही, उन्हाळी कामाच्या वेळी कळतो. दोन्ही भागांची उंची साडेदहा फूट धरली तर मागच्या भागाची गच्ची स्वयंपाकघराच्या फरशीपासून फक्त आठ फूट वर येते. म्हणजे सोळा पायऱ्या. सपाट प्लॉटवर त्याच गच्चीला एकवीस. बिबड्यांचं घाटं, कुरडयांचा चीक, पापडांच्या चळती डोक्यावर घेऊन ज्या बायका गच्चीवर चढल्या आहेत, त्यांना या पाच पायऱ्यांची किंमत सांगायला नको.

चौविहाराचंही बघा. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलं शाळेतून, माणसं दुकानातून येतात आणि शेवटचा अर्धा तास नुसती धावपळ असते. त्या वेळी स्वयंपाकघर आणि जेवायची जागा वेगवेगळ्या पातळीवर असेल तर घाईत पाय घसरणारच. दोन्ही जागा शेजारी ठेवा, आणि संध्याकाळचा उजेड आत येईल अशी खिडकी द्या. भर पश्चिमेला मोठी खिडकी नको, उन्हाळ्यात भट्टी होते. उत्तरेची खिडकी बरी. उजेड मिळतो, ऊन नाही.

पाणी हा तर उताराने दिलेला प्रसाद. गच्चीचं पाणी गाळणीतून आपोआप सगळ्यांत खालच्या कोपऱ्यातल्या टाकीत जातं. एक हजार चौरस फूट गच्ची आणि वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस धरला, वीस टक्के वाया गेलं म्हटलं, तरी सुमारे पंचेचाळीस हजार लिटर. टाकी पूर्ण झाकलेली हवी, म्हणजे डास नाहीत आणि जीवोत्पत्ती नाही. जास्तीचं पाणी शोषखड्ड्यात मुरू द्या, शेजाऱ्याकडे सोडू नका. संडासाची सेप्टिक टाकी मात्र पिण्याच्या टाकीपासून लांब, शक्यतो दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात. मोरीचं पाणीही उताराने वाहून जाईल, कुठे साचणार नाही. सांडपाणी साचून त्यात जीव पडणं हा दोष टाळायला सपाट घरात आपण किती धडपडतो! इथे तो उतारच टाळतो.

आणि रस्ता खालच्या बाजूला असला तर? तर गाडी खाली ठेवायचा मोह होतो आणि माणसांना दहा पायऱ्या येतात. तसं करू नका. साठ फूट लांबीत पाच फूट चढ, म्हणजे पुन्हा एकास बाराच. प्लॉटच्या कडेने गाडीची वाट वरच्या टप्प्यापर्यंत न्या. थोडी जागा जाईल. पण दवाखान्यातून आलेलं माणूस दारात उतरेल.

"लिफ्ट बसवू की," असं काही जणी म्हणतील. बसवा, ऐपत असेल तर. पण वीज गेली की लिफ्ट थांबते, आणि एकादी सासू "माझ्या एकटीसाठी कशाला चालू करता" म्हणून ती वापरत नाही. "पायऱ्या चढल्याने व्यायाम होतो," असंही ऐकलंय, बहुधा पायऱ्या न चढणाऱ्यांकडूनच. व्यायाम मनाने करायचा असतो. हातात गरम पातेलं धरून केलेल्या खेपांना व्यायाम म्हणत नाहीत.

मैत्रिणींनो, नकाशा पास व्हायच्या आधी एक काम करा. दोन-तीन खडूंच्या कांड्या आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन प्लॉटवर जा. गवंडी पातळी बघतात तीच नळी. दोन टोकांचं पाणी एका रेषेत येतं, त्यावरून कुठे किती उतार आहे ते तुम्हालाच कळेल. मग सासूबाईंना सोबत नेऊन विचारा, "तुमची खोली कुठे हवी? जेवायला कुठे बसाल?" आणि घरी येऊन नकाशावर बोट ठेवून आपल्या एका दिवसाच्या पायऱ्या मोजा. पहाटेचं पाणी गाळण्यापासून रात्रीच्या प्रतिक्रमणापर्यंत. आकडा मोठा आला तर नकाशा बदला. कागदावरची भिंत रबराने पुसता येते.

त्या बहिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिचा नकाशा बदलेल की नाही, ठाऊक नाही. घरात मोठे दीर आहेत, ठेकेदार ठरलाय. पण काल तिचा मेसेज आला. तिने सासूबाईंना विचारलं होतं, खोली कुठे हवी. त्या म्हणाल्या, "मला खोलीचं काही नाही गं. मला फक्त दारात येता आलं पाहिजे, महासतीजी आल्या तर."

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.